भावाचा हँडिकॅप

तळोद्याच्या रस्त्याला आमचा एक मुरमाड तुकडा आहे. त्यात कापूससुद्धा नीट येत नव्हता. फौजेतून निवृत्त होऊन आल्यावर माझ्या नवऱ्याने तिथे नऊ होलचं गोल्फचं मैदान केलं, तेव्हा भावकीने आम्हा दोघांनाही वेड्यात काढलं. हिरवळीला पाणी पुरवणं शक्यच नव्हतं. म्हणून होलभोवती तेल मुरवलेली वाळू पसरली. बॉल तिच्यावरून सुरेख घरंगळतो. दोन वर्षांत वीस-पंचवीस जण खेळायला यायला लागले. त्यात डॉक्टर होते, साखर कारखान्यातले दोन इंजिनियर होते, आणि तापीकाठी केळी पिकवणारा माझा मोठा भाऊही होता.

मी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून हँडिकॅपची वही आपोआप माझ्याकडे आली. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो. आता माझा नवरा आणि मी एकाच मैदानावर उतरलो तर माझी धडगत नाही. त्यासाठी हँडिकॅप. कच्च्या खेळाडूच्या एकूण फटक्यांतून त्याच्या हँडिकॅपइतके फटके वजा करायचे, म्हणजे सामना बरोबरीचा होतो. माझे अठ्ठावीस वजा व्हायचे, नवऱ्याचे आठ. पण तो आकडा खरा असायला हवा, आणि आमच्या वहीत खेळाडू जी कार्डं आणून देईल तेवढीच चढत.

भावाचा हँडिकॅप चोवीस होता. वार्षिक स्पर्धेचा कप त्याने लागोपाठ दोनदा नेला. वाईट खेळलं की तो कार्ड न चुकता आणून द्यायचा, आणि चांगलं खेळलं की कार्ड म्हणे धोतरासोबत धुतलं जायचं. मला कळत होतं. पण सख्ख्या भावाला पुराव्याशिवाय काय म्हणणार?

मग आम्ही वही बंद केली आणि सगळ्या क्लबांचे हँडिकॅप एकत्र ठेवणाऱ्या फोनवरच्या यंत्रणेत नाव नोंदवलं. बाहेरून दोन माणसं आली, त्यांनी दिवसभर उन्हात फिरून प्रत्येक होल मोजला आणि आमचं मैदान किती अवघड आहे त्याचा आकडा ठरवून दिला. त्यानंतर खेळाडू कुठेही खेळो, कार्ड त्याच्या एकाच नंबरावर जमा होऊ लागलं. सोबत खेळणाऱ्याने ते मान्य करायचं. शेवटच्या वीस कार्डांतली सगळ्यांत चांगली आठ धरून हिशेब निघतो. अवघड मैदानावरचे नव्वद आणि सोप्यावरचे नव्वद एका मापाने मोजले जात नाहीत, हे मला फार आवडलं.

भावाचा मुलगा सुरतेला असतो. त्या हिवाळ्यात भाऊ त्याच्याकडे अधूनमधून जाऊन राहिला आणि तिथल्या क्लबवर खेळला. तिथल्या लोकांनी त्याची कार्डं इमानेइतबारे भरली. एके दिवशी सकाळी फोन उघडला तर भावाच्या चोवीसचे सतरा झालेले.

स्पर्धेला आठवडा होता. दुपारी मोटारसायकल ओट्यासमोर थांबली.

"मन्हा आकडा कोनी बदला?" पाणीही न घेता त्याने विचारलं.

"कोनीच नै. सुरतले खेळना तू, कार्डं तठेच भरायनात."

"मंग तू बदली दे. तू मन्ही बहीण शे ना?"

"बहीण शे म्हनीसनच नै बदलाव," मी म्हटलं. "उद्या लोक म्हनतीन, भाऊना आकडा घरमा बनस."

मला वाटलं, जिंकले. पण माझा भाऊ बोलण्यात हरणारा नाही. त्याने आपला फोन काढला, माझी कार्डं उघडली आणि एकेक तारीख बोटाने सरकवत गेला.

"संक्रांतना दुसरा रोज तू मन्हासंगे खेळनी. पाचव्या होलवर बॉल तीन डाव झुडूपमा गया. ते कार्ड कोठे शे?"

माझे कान तापले. ते कार्ड मी भरलंच नव्हतं. मी फसवून कप नेत नव्हते, उलट माझंच नुकसान करत होते, असं त्या वेळी मनाला सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. बाईंनी एवढे फटके घेतले हे कोणाला दिसायला नको होतं. तो लपवत होता चांगलं आणि मी लपवत होते वाईट. आकडा दोघांचाही खोटाच. मी त्याच्यासमोर ते कार्ड भरलं आणि मान्यतेसाठी त्याच्याकडे पाठवलं. एक जुनं, चांगलं कार्ड विसातून बाहेर पडलं आणि माझे अठ्ठावीसचे एकोणतीस झाले. भावाने मान्यतेचं बटण दाबलं आणि त्या दुपारी पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "चहा ठेव."

स्पर्धेत चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा भावाची जोडी आमचं मैदान सांभाळणाऱ्या दादांबरोबर लागली. दादा धडगावकडच्या पाड्यावरचे. घरी पावरी बोलतात, आमच्याशी शाळेतल्यासारखं मराठी. फटके मारायला त्यांच्याकडे क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, फक्त दोन. हँडिकॅप वीस. एका होलवर अकरा फटके लागले तर तेही ते मोठ्याने सांगून लिहायला लावत.

मी आकडे घेत त्या दोघांच्या मागे चालत होते. मैदानाच्या दोन फेऱ्या मारायच्या होत्या. भाऊ इतका चांगला खेळताना मी कधी पाहिला नव्हता. लपवायला काही उरलं नव्हतं म्हणून की काय, तो मोकळ्या हाताने मारत होता. शेवटच्या होलवर त्याचा बॉल वाळूवरून वळण घेत आत गेला आणि त्याने दोन्ही हात वर केले. नव्वद फटके! दादांचे एक्याण्णव.

मी वजाबाकी वाचून दाखवली. भावाचे नव्वद वजा सतरा, त्र्याहत्तर. दादांचे एक्याण्णव वजा वीस, एकाहत्तर. दोनने दादा जिंकले होते. त्याहून कमी कोणाचेच आले नाहीत.

"बाई, परत मोजा," दादा म्हणाले. "माझा एक फटका जास्त आहे."

"मोजलंय दादा. कप तुमचाच आहे."

भावाने माझ्याकडे पाहिलं. चोवीस असते तर तो सहज जिंकला असता, आणि ही वजाबाकी त्याला माझ्याइतकीच येत होती. त्याने दादांच्या हातात हात दिला आणि विचारलं, "पुढल्या रविवारी खेळशात का मन्हासंगे?"

"गवत कापून झालं की या," दादा म्हणाले. "लवकर या, ऊन लागतं."

तेव्हापासून दर रविवारी ते दोघं खेळतात. भावाचा हँडिकॅप आता पंधरावर आला आहे. हे तो शहाद्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगतो, गोल्फ म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्यालासुद्धा.