वहिनी, दाराकडे बघा

भिवापूरच्या स्टेशनात छोटी रेल्वे उभी होती आणि माझे बाबा आमच्याकडे पाठ करून मिरच्यांच्या पोत्यांकडे बघत होते. आदल्या रात्री लग्नाच्या पंगतीत नवऱ्याच्या मामांना कुणी आग्रह करून वाढलं नाही, म्हणून मामा पानावरून उठले होते. त्यावरून दोन्ही घरांत चांगलीच वाजली. सासूबाई म्हणाल्या, "हात जोडून न्यायले येतीन तेव्हाच सून माहेरी जाईन." बाबा म्हणाले, "बलावलं तं येईन, नाही तं नाही." गाडी हलली तेव्हा ते एकदाच वळले. "जाय बाई," एवढंच म्हणाले. नाकं दोन्हीकडची वर, आणि मधे सापडले मी.

भिवापुरात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हाला वाटायचं, ही नागपूरला गेली, रोज बर्डीच्या बाजारात फिरत असेल. कसलं काय! महाल भागातल्या त्या घरात माझी धाव दारापर्यंत, तीही भाजीवाला आला तर. मिरच्या तोडायला शेतभर हिंडलेली मी, आणि इथे स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर शेजाऱ्यांची भिंत. घरी पाठवायचं पत्र आधी सासूबाई वाचायच्या. त्यामुळे मी 'सर्व क्षेम' लिहायला फार लवकर शिकले. आपल्यापैकी ज्या माझ्यासारख्याच परगावी गेल्या, त्यांनीही हेच लिहिलं असणार.

ह्यांना फोटोचा नाद होता. आठवडाभर कचेरीत मान मोडायची आणि रविवारी मित्रांचं मंडळ घरी जमवायचं. त्यांतले वडीलधारे म्हणजे होमिओपॅथीवाले डॉक्टरकाका. सगळ्यांना पोर्ट्रेटचा सराव करायचा होता, आणि त्यासाठी तासन्‌तास न हलणारं माणूस हवं होतं. बाकीच्यांच्या बायकांनी साफ नकार दिला. मला कुणी विचारलंच नाही. बैठकीच्या खिडकीशी स्टूल ठेवून मला बसवायचे, तोंडावर उजेड यावा म्हणून एकजण सासऱ्यांचं धुतलेलं धोतर ताणून धरायचा, आणि डॉक्टरकाका सांगायचे, "वहिनी, हसू नका. दाराकडे बघा."

मी बघायची. दाराकडे बघायला मला शिकवावं लागत नव्हतं.

मग फोटो धुवायला न्हाणीघरात लाल दिवा लागायचा आणि माझी ओली तोंडं दोरीवर वाळत पडायची. चांगले प्रिंट पाकिटात घालून जबलपूर, इंदूरच्या अशाच मंडळांकडे पोस्टाने जायचे आणि मागे शेरे चिकटवून परत यायचे. 'डोळ्यांतला भाव अप्रतिम.' 'छायाप्रकाश उत्तम.' हे मला ते शेरे कौतुकाने वाचून दाखवायचे. मला राग यायचा, रडूही यायचं, आणि मग पुढच्या रविवारी भाव आणखी अप्रतिम व्हायचा.

ह्यांचा फिल्मचा दुकानदार इतवारीतला. त्याने माझा एक मोठा फोटो शोकेसमध्ये लावला. मिरचीच्या हंगामात बाबा इतवारीच्या बाजारात आले, तेव्हा तो त्यांना दिसला.

रविवार होता. मी स्टुलावर बसून दाराकडे बघत होते आणि दारात बाबा उभे राहिले. मला आधी खरंच वाटेना. त्यांच्या कपड्यांतल्या मिरचीने डॉक्टरकाकांना ठसका लागला आणि धोतर धरणारा धोतरासकट मागे सरला.

"इतवारीत फोटो पाह्यला," बाबा म्हणाले. "पोरीच्या डोयात पानी हाय, अन् तुमी थो दुकानात टांगला?"

बाबा आतून बाहेर आलेल्या सासूबाईंसमोर गेले आणि त्यांनी हात जोडले. "चुकलं माहं. पोरीले धाडा."

दोन वर्षं मी ह्याचीच वाट बघत होते. पण ते जोडलेले हात मला बघवले नाहीत. त्या माणसाने कधी कुणापुढे मान वाकवली नव्हती. ह्यांनी दोरीवरचा एक प्रिंट काढला, खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला आणि माझी ट्रंक बाहेर आणून ठेवली.

मधल्या दोन वर्षांत भिवापुरात भावजय आली होती. चुलीपुढची माझी जागा आता तिची होती. तिने मला पाट दिला, कपबशीत चहा दिला, कामाला हात लावू दिला नाही. पाहुणी झाले होते मी. दुपारी ओसरीवर बसले, तर बाबा समोर येऊन थांबले.

"काहून वं," ते हळूच म्हणाले, "अठी बी कोनी फोटो काढून राह्यलं का तुहा?"

तेव्हा मला कळलं की मी दाराकडे बघत होते. मला हसू आलं आणि रडूही. परत नागपूरला तर जायचंच होतं.

गेले, आणि राहिले. बाबा गेल्यावर भिवापूरला जाणंही कमी होत गेलं. परवा नातीने तोच इतवारीचा फोटो शोधून काढला. म्हणाली, "आजी, मस्त आहे, फोनवर टाकते." म्हटलं, टाक. आता जगभरातून शेरे येतील, भाव अप्रतिम. पण टाकता टाकता ती थांबली. माझा चेहरा बोटांनी मोठा करून बघत राहिली.

"आजी, तू एवढी उदास काहून होती?"

इतक्या वर्षांत नागपूरच्या ह्या घरात हे मला कुणी पहिल्यांदा विचारलं. मी फोन बाजूला ठेवायला लावला, तिला जवळ बसवलं आणि छोट्या रेल्वेपासून सांगायला लागले. मधेच लक्षात आलं की माझी पाठ दाराकडे आहे.