यात्रेत वाटलेला पासवर्ड

नोकरीत हाताखालून गेलेली बरीच प्रकरणे आता पुसट झाली आहेत. हे एक झालेले नाही. आजही ते आठवले की मला संताप येतो, आणि तो कमी व्हावा असे वाटतही नाही.

मी तेव्हा बेळगावात सायबर गुन्ह्यांच्या तपासावर होते. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याकडून ही फाईल माझ्याकडे आली, तेव्हा त्यांच्या मते तपास संपलेला होता. शहराला उत्तरेकडून चिकटलेल्या एका गावातली तरुणी, खासगी दवाखान्यात नर्स. निपाणीकडचे स्थळ जमून साखरपुडा झालेला. कोणीतरी तिची खोटी, घाणेरडी छायाचित्रे तयार करून होणाऱ्या सासरी पाठवत होते. ज्या इंटरनेट जोडणीवरून ते बनावट खाते चालत होते, ती तिच्याच गल्लीतल्या एका घराची निघाली.

त्या घरातले आईवडील पूर्वी दुसऱ्याच्या रानात मजुरीला जात. मुलगा इंजिनिअर झाला, सरकारी तंत्रनिकेतनात अधिव्याख्याता म्हणून निवडला गेला. नेमणूक फक्त पोलीस पडताळणीसाठी थांबली होती. जोडणी घरची आणि मुलगा संगणक शिकलेला, एवढ्यावर त्याला अटक झाली. नोकरीवर जायचा तो हिंडलग्याच्या तुरुंगात गेला.

विहिरीत प्रेत सापडले म्हणून विहिरीच्या मालकाला आपण लगेच बेड्या घालत नाही. इथे तेच केले होते. गल्लीतल्या साक्षीदारांचे जबाब वाचून तर डोके फिरले. एकानेही काही पाहिलेले नव्हते. "त्यांच्यातली पोरं शिकली की असंच करत्यात," असे एका सद्गृहस्थाने सांगितले होते. आमच्या लेखनिकाने ते कन्नडमध्ये व्यवस्थित उतरवून खाली त्याची सही घेतली होती. याला पुरावा म्हणायचे!

मग एक दिवस ती तरुणी स्वतः ठाण्यात आली. आत्येभावाने मोटारसायकलवरून आणले होते, तो बाहेर बाकावर बसला. तिने मोबाईल माझ्यासमोर ठेवला. आदल्या दिवशी सासरी आणखी एक छायाचित्र गेले होते.

"म्याडम, त्यो तर आत हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग ह्ये कोण पाठवतंय?"

मी इंटरनेट कंपनीकडून पुन्हा माहिती मागवली. जोडणी तीच. वरिष्ठांचे उत्तर तयार होते: आता त्याची बहीण करत असेल.

मी त्या घरी गेले. आईला विचारले, तुमच्या वायफायचा पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे? तिने दाराकडे बोट केले. आतल्या बाजूला खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. आमच्याकडे गावाची लक्ष्मी यात्रा बऱ्याच वर्षांनी येते आणि घरोघर पाहुण्यांची रीघ लागते; ती त्याच साली होऊन गेली होती. गल्लीत यांचेच नेट जोरात.

"आमच्या दारात पाणी प्यायला कोण येत न्हवतं," आई म्हणाली. "त्या टायमाला पासवर्ड मागायला सगळी गल्ली आलती. न्हाय कसं म्हणायचं? लई बरं वाटलं बघा."

यात्रा संपली, पाहुणे गेले, पासवर्ड गल्लीतच राहिला. शोधायचे होते ते एवढेच, की आता त्या घराचे वायफाय बाहेरून कोण वापरतो. राऊटर जुना. वीज गेली की कोणकोण जोडले होते ते सगळे विसरायचा. म्हणजे हवेतून जाणारी ये-जाच टिपायला हवी होती.

ही कुणकुण लागताच एक विक्रेता साहेबांच्या केबिनमध्ये हजर झाला. बरोबर सुटकेसएवढे यंत्र. गावातले सगळे मोबाईल एका झटक्यात पकडतो, म्हणाला. साहेब भारावले. मी विचारले, हे नुसते ऐकते की हवेत काही सोडतेही? तो अभिमानाने म्हणाला की ते फोनना नेटवर्कवरून हाकलते आणि त्याच नावाचे खोटे नेटवर्क उभे करून त्यांना आपल्याकडे ओढते. म्हणजे उद्या आरोपीचा वकील विचारणार, हा सिग्नल आरोपीचा की पोलिसांचा? शिवाय सगळ्या गल्लीचे संभाषण ऐकायची परवानगी मला कोणी दिली होती?

तरी चाचणी घेतली. ठाण्याच्या मागच्या अंगणात माझ्याच मोबाईलवरून ठरवून काही फोटो पाठवले. यंत्र एका चॅनेलवरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिले आणि अर्धे टिपलेच नाही. विक्रेत्याने भिंतींना दोष दिला. भिंती तर गावातही होत्या.

मी साधा लॅपटॉप घेतला, कोणालाही फुकट मिळते ते विश्लेषणाचे सॉफ्टवेअर आणि नुसते ऐकण्याच्या स्थितीत चालणारे दोन छोटे वायफाय अडॅप्टर. पैकी एक त्या राऊटरच्या चॅनेलवर कायमचा बसवला. दुसऱ्याला एका वेळी एकाच दिशेचे ऐकणारा अँटेना जोडला. घरमालकाची लेखी संमती घेतली, वरिष्ठांकडून लेखी आदेश घेतला. मजकूर कुलूपबंदच असतो आणि तो मला नकोही होता. कोणते उपकरण, कधी आणि किती बोलले, एवढे पुरे होते.

मग घरातले सगळे मोबाईल आणि लॅपटॉप पंचांसमक्ष ठाण्यात आणून टेबलावर मांडले. मी स्वतः लॅपटॉप घेऊन त्या घरात बसले. आता त्या नेटवर्कवर शुकशुकाट हवा होता. पण एक उपकरण बोलत होते. त्यातून एकदम मोठा मजकूर गेला, आणि पाठोपाठ निपाणीहून सासरच्यांचा फोन आला, नवे छायाचित्र पोहोचल्याचा. अँटेना फिरवला. सिग्नल सर्वांत जोरात होता तो शेजारच्या माडीच्या बाजूला.

माडी त्या तरुणीच्या आत्येभावाची होती. तिला ठाण्यात आणून सोडणाऱ्याची.

झडतीचे वॉरंट घेऊन त्याला फोनसह आणले. आधी तो हसला. "आमचं सोत्ताचं नेट हाय म्याडम, दुसऱ्याचं कशाला वापरू?" नवे फोन आपला खरा पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक, लपवतात, पण एका नेटवर्कशी बोलताना साधारणपणे एकच खोटा पत्ता वापरतात. पंचांसमोर त्याच्या फोनची सेटिंग उघडली. त्या घराचे नेटवर्क यादीत होते आणि खाली तोच पत्ता, जो मी हवेतून टिपला होता. दोन्ही पत्ते शेजारी मांडल्यावर हसू गेले.

"मामाची पोरगी हाय ती," तो म्हणाला. "पैला हक्क माझा. ह्यो निपाणीचा कोण लागून गेला?"

आणि आत बसलेल्या पोराचे काय, असे मी विचारले.

"नेट त्यांचंच होतं की."

इतकी वर्षे गुन्हेगार पाहिले, पण इतक्या शांतपणे दिलेले उत्तर दुसरे आठवत नाही.

मुलगा सुटला. पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. रकाना एकच: गुन्हा नोंद आहे का? साहेब म्हणाले, नियमाने 'होय' लिहा आणि पाठवा. मी 'होय' लिहिले आणि खाली लिहिले की अटक ही पोलिसांची चूक होती, खरा आरोपी कोठडीत आहे. 'चूक' हा शब्द काढा, असे ते म्हणाले. शब्द काढायचा तर सहीसुद्धा दुसऱ्याची घ्या, असे मी सांगितले. अर्ज तसाच गेला. मुलगा नोकरीवर रुजू झाला, बरोबरीच्यांच्या मागे पडून. तरुणीचे लग्न मात्र मोडले ते मोडलेच. तिने मला विचारले, लग्न मोडण्याला कोणते कलम लागते?

या प्रकरणातून मी एक गोष्ट घेतली. यंत्र निवडताना पहिला प्रश्न हा, की ते नुसते ऐकते की ऐकता ऐकता स्वतःच काही पेरते. जबाब घेणाऱ्यालाही मी पुढे हाच प्रश्न विचारत गेले.

मुलगा घरी आला त्या दिवशी जप्तीतले फोन परत द्यायला मी तिथे गेले होते. दारावरचा खडू पुसलेला होता. इतक्यात 'त्यांच्यातली पोरं' म्हणणारे ते सद्गृहस्थ उंबऱ्याशी आले. आम्हाला आधीपासून ठावं होतं, पोरगं असलं न्हाय, असे म्हणून झाल्यावर मुलाच्या आईला त्यांनी विचारले, "आक्का, नवा पासवर्ड काय ठेवलाय?"

ती माझ्याकडे बघू लागली.

"आधी ठाण्यात येऊन जबाब बदला," मी त्यांना म्हटले. "मग पासवर्ड मागा."

मी निवृत्त होईपर्यंत ते आले नाहीत.