लिंबोणीभोवतीचा बांध

माझी पत्नी सुमन मंगळवारी सकाळी मध्य प्रदेशात बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात वारली. दुपारी आम्ही तिला माझ्या गावी, रामपायलीला नेलं. तेरवी झाल्यावरही आईने सोडलं नाही. मी महिन्याभराने कामावर परतलो.

साठ-पासष्ट सालच्या सुमाराची ही गोष्ट. मी सरकारी नर्सरीत उद्यान सहायक होतो. नर्सरी म्हणजे फळझाडांची रोपं तयार करून लोकांना देण्याची जागा. माझं क्वार्टर तिच्या कुंपणाला लागूनच होतं.

फाटक उघडलं. तुळस, मोगरा, कढीपत्ता जिवंत होते. सुमनने लावलेली कागदी लिंबोणी मात्र पिवळी पडली होती. पानं गळत होती, बुंध्यातून डिंक वाहत होता. बुंध्याभोवती वीतभर उंच मातीचा बांध होता आणि आत पाणी उभं होतं. तो बांध मी लगेच ओळखला. आमच्याकडे धानाच्या शेताला असाच घालतात.

"आले का भाऊ?" शेजारच्या कौतिकाबाई भिंतीवरून डोकावल्या. नर्सरीच्या ड्रायव्हरची बायको, सुमनची मैत्रीण. "रोज बादल्या घातल्या, एक दिवस नागा नाई केला. बांध बी म्याच घातला. हे म्हणत, झाडाले पाजून राह्यली का बुडवून राह्यली?"

दुसऱ्या दिवशी आमचे साहेब पाहायला आले. ते जबलपूरकडचे, हिंदीत बोलत.

"यह तो गोंद की बीमारी है," ते म्हणाले. "बगल में हमारी नींबू की क्यारियाँ हैं. उखाड़ दो. नया पौधा ले लो."

"सर, थोडी मुदत द्या. हे तिने लावलंय."

साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "होली तक. फिर नहीं."

चिकण मातीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही. मुळं कुजतात आणि बुंध्याला बुरशी धरते. मी बांध फोडला. नर्सरीच्या वाफ्यांकडे पाणी जाऊ नये म्हणून उलट्या बाजूने चर काढला. बुंध्याला माती चढवली, म्हणजे पाणी त्याला टेकणार नाही. पाण्याचं आळं फांद्यांच्या सावलीच्या कडेला, बुंध्यापासून लांब केलं.

कौतिकाबाई भिंतीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "बांध काहून फोडला, भाऊ?"

"वहिनी, धानाला पाणी उभं लागतं. लिंबोणीला नाही चालत."

त्यांनी चराकडे पाहिलं. "म्हंजे म्याच मारलं का सुमनचं झाड?"

नाही म्हणणं सोपं होतं, पण ते खरं नव्हतं. "पाणी जास्त झालं," मी म्हणालो. "पण तुळस, मोगरा तुमच्यामुळेच राहिले. आणि झाड अजून मेलेलं नाही. मला मदत लागेल."

"सांगा."

"रोज सकाळी मातीत बोट घालून पाहायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. ओल लागली तर पाणी नाही."

"एवढंच?"

"एवढंच अवघड आहे."

"हौ," त्या म्हणाल्या, "बादली हातात असली का हात ऐकत नाई."

साहेबांना विचारून बुरशीवरच्या लेपासाठी नर्सरीतून मोरचूद आणि चुना आणला. दोन्ही मातीच्या भांड्यांत वेगवेगळे कालवून मग एकत्र केले. त्यात चाकूचं पातं बुडवून पाहायचं. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असं समजायचं. डिंक आलेली साल खरवडून तिथे हा लेप लावला. वाळक्या फांद्या छाटल्या. खत काहीच दिलं नाही. कुजलेल्या मुळांना खत पचत नाही. त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं, वाट पाहायची होती.

रोज सकाळी माती पाहून झाली की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "आज नाई, भाऊ!" म्हणजे आज पाणी नको. मी "बरं" म्हणायचो. पुष्कळदा तो त्या दिवशी मी बोललेला पहिला शब्द असायचा. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसलेला असायचो; कधी आवाजामागोमाग भिंतीवर झाकलेली थाळी यायची. "पुस्तक खाली ठेवा अन् जेवा."

होळीच्या आदल्या आठवड्यात साहेब न सांगता आले. डिंक थांबला होता. त्यांनी एका काडीची साल नखाने खरवडली. आत हिरवं होतं. वरच्या टोकाला तांबूस कोंब फुटले होते. कौतिकाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"रहने दो," साहेब म्हणाले, आणि निघताना त्यांच्याकडे वळून, "बाई, अब बाँध मत डालना."

"आता तुमी घाला म्हणलं तरी नाई घालत, सायेब!"

पुढे नोकरीत लोकांनी बागेबद्दल विचारलं की मी खत किंवा औषध सांगण्याआधी विचारायचो, मातीत बोट घालून पाहिलं का? बहुतेकांनी पाहिलेलं नसायचं. घरची झाडं तहानेपेक्षा मायेने जास्त मरतात.

बदली झाली तेव्हा लिंबोणी क्वार्टरमध्येच राहिली. कौतिकाबाईही आता नाहीत. मी निघताना त्यांनी पुडीत बांधून दिलेल्या त्या लिंबोणीच्या बियांतलं एक झाड माझ्या अंगणात आहे. त्याला बांध नाही.