टाकी कोण रिकामी करणार?

माणसं किती घाणेरडी असतात हे मला अमेरिकेत, पार्सिपनीतल्या एका चकचकीत बेसमेंटमध्ये कळलं. आम्ही दोन कुटुंबं तिथे आरव्हीच्या ट्रिपचं प्लॅनिंग करायला जमलो होतो. डेन्व्हरपर्यंत विमानानं जायचं, तिथून ते चाकांवरचं घर भाड्यानं घ्यायचं आणि वायोमिंगच्या माळावरचा एक जुना लष्करी किल्ला बघायला जायचं, असा बेत होता.

किल्ल्याचं खूळ माझ्या वडिलांचं. ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्याला कितीतरी वर्षं झाली, तरी सकाळी साडेपाचला दाढी करून, बूट घालून तयार. जायचं कुठेच नसतं. इथे चालत जाण्यासारखं आहे तरी काय? माझ्या मुलीच्या आयपॅडवर त्यांना हा किल्ला सापडला आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी मागितलं.

आमचे यजमान म्हणजे माझ्या नवऱ्याचा मित्र, पुण्याचा, दूध आणायचं असलं तरी एक्सेल शीट उघडणारा. त्यानं भिंतीवरच्या टीव्हीवर किल्ल्याचे फोटो लावले आणि म्हणाला, "काका, हा किल्ला? ना तट, ना बुरूज. दिवाळीत आम्ही अंगणात याच्यापेक्षा बरा करायचो!"

"तट नसू दे," बाबा हसून म्हणाले. "शिपाई कुठे झोपायचे, पाव कुठे भाजायचे, गार्डरूम कशी होती, सगळं तसंच ठेवलंय म्हणे. तेवढं बघायचंय मला."

मग नवऱ्यानं आरव्हीचा व्हिडिओ लावला. स्वयंपाकाचा ओटा, त्याच्यापासून दोन हातांवर संडास, आणि संडासाखाली टाकी. कॅम्पवर पोचलं की एक जाडजूड पाइप जोडायचा आणि ती टाकी रिकामी करायची. व्हिडिओतल्या माणसानं झडप ओढली आणि पारदर्शक पाइपमधून जे काही वाहत गेलं ते बघून मी तोंड फिरवलं. समोर बटाटेवडे होते. यजमानीणबाईंनी बशी लांब सरकवली. माझी मुलगी "ईऽव, आय ॲम नॉट टचिंग दॅट!" म्हणत वर पळाली.

"हे आपणच करायचं?" यजमानीणबाईंनी विचारलं.

"मग काय, माणूस येतो?" माझा नवरा म्हणाला.

तिकडे भारतात आमच्या सगळ्यांच्या घरी माणूस यायचा. तो कोण, कुठून यायचा, परत जाऊन कुठे हात धुवायचा, हे आम्ही जन्मात कधी विचारलं नव्हतं. आता नोकरीत दिवसभर 'ओनरशिप घ्या' म्हणून इतरांना सांगणाऱ्या या दोन इंजिनिअरांनी काखा वर केल्या. नवऱ्याची पाठ दुखायला लागली. "मला स्मेलची ॲलर्जी आहे यार," यजमान म्हणाले. आणि मी? मी म्हणाले, "मी स्वयंपाक बघणार. त्याच हातांनी हेही कसं करू?" अगदी सोवळ्यातल्या बाईसारखी म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं.

शेवटी तोडगा निघाला की संडास वापरायचाच नाही. दाराला चिकटपट्टी लावायची आणि वाटेतल्या गॅस स्टेशनांवर थांबायचं. मोकळ्या जागेत तांदळाची पिशवी आणि कांदे ठेवू, असं यजमान म्हणाले, तशी त्यांची बायको उसळली. "न वापरलेला असला तरी संडास तो संडास! मी त्या तांदळाचा भात खाणार नाही." यावर चांगली वीस मिनिटं वाद झाला. तांदळाची पवित्रता राखण्यात गुंतलेल्या एकाच्याही तोंडून बाबांचं नाव निघालं नाही.

बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे. दर पाऊण तासानं जावं लागतं. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. त्या संध्याकाळीच ते दोनदा उठून गेले होते आणि तिसऱ्यांदा उठले, तेव्हा यजमान आवाज खाली आणून म्हणाले, "काकांसाठी थांबणार कुठे? त्या रूटवर मैलोन् मैल काही नाहीये."

"त्यांना झेपायचा पण नाही एवढा प्रवास," बायको म्हणाली. "आपण तिथून व्हिडिओ कॉल करू ना. घरबसल्या बघतील."

गोड बोलून काटा काढणं म्हणतात ते हेच. ज्यांच्यामुळे ट्रिप ठरली त्यांनाच वगळून ट्रिप. मी ताडकन उठायला हवं होतं. मी म्हणाले, "बघू."

बाबा रुमालाला हात पुसत दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. सगळंच असणार.

"टाकीचं मी बघतो," ते म्हणाले. "संडास उघडा राहू द्या. फौजेत संडासाचे चर आम्हीच खणायचो आणि आम्हीच बुजवायचो. त्यात काय एवढं?"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "काका, यू आर ग्रेट!" यजमान ओरडले. वड्यांची बशी परत मध्ये आली. शीटमध्ये 'टाकी' असा रकाना झाला आणि ट्रिपच्या पाचही दिवसांपुढे 'काका' असं टाइप झालं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला निदान तोंडदेखलं तरी "अहो, नको" म्हणावं, एवढीही लाज कुणाला नव्हती. कोणीतरी म्हणेल म्हणून मी वाट बघत बसले. ते म्हणणारं माणूस मीच होते, हे मला कळत होतं. पण खरं सांगते, मला हायसं वाटलं होतं. त्या पाइपमधल्या घाणीची आली नसेल इतकी किळस मला त्या क्षणी माझी आली, आणि तरीही मी वडा उचलून खाल्ला.

घरी येताना बाबा गाडीत मागे बसले होते. कितीतरी दिवसांनी खुशीत होते.

"हातमोजे तिकडे मिळतील, की इथूनच न्यायचे?" त्यांनी विचारलं.

"इथूनच घेऊ, बाबा." मी फोन काढला. जाड, रबरी, कोपरापर्यंतचे मिळाले. "साइज काय तुमची?"

बाबांनी मागून पंजा पसरून माझ्यापुढे धरला. मी तो बघितला आणि लार्ज ऑर्डर केले.