दोन कोसांवरचं ऐकणारा

"तलवार नको मॅडम. तलवारवाले लई झाले." नवा खेळ मांडताना पात्रं ठरवायची वेळ आली की भाऊंचं हे वाक्य ठरलेलं. बोलताना वीस बाजूंचा फासा मुठीत घट्ट धरायचे आणि मग तो टाकायचे नाहीत, टेबलावर अलगद ठेवायचे. आमचा बँकवाला मित्र वैतागायचा. "अहो, फेका तो. ठेवल्यावर नशीब कसं चालायचं?" भाऊ हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा ठेवायचे.

आधी खेळ काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही जुगार खेळतो. बजाजनगरातल्या माझ्या घरी रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण जमतो. गोष्ट मी सांगते. डोंगर, गुहा, राक्षस सगळं माझं. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. आपण काय करणार ते ज्यानं त्यानं बोलून सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशावर. पस्तिशी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही असं आईचं मत आहे. असेलही तिचं बरोबर.

भाऊ आमच्याच कारखान्यात पत्रा ठोकायच्या धडाडत्या प्रेसवर होते, कॉन्ट्रॅक्टरकडून, अकरा वर्षं. मी तपासणीला. एका दुपारी ते माल दाखवायला आले तेव्हा माझ्या टेबलावर रविवारचा नकाशा उघडा पडला होता. बराच वेळ बघून म्हणाले, "मॅडम, ह्यो वढा डोंगर चढतोय का?" खरंच चढत होता. दोन वर्षं त्या नकाशावर खेळून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या खोट्या डोंगरातलं पाणी कुठं जाईल याची ज्याला काळजी, त्याला मी सोडते होय? त्याच रविवारी घरी बोलावलं.

सिल्लोडकडच्या एका खेड्यातले ते. घरची मेंढरं, धाकटा भाऊ अजूनही कळप घेऊन हिंडतो. म्हणून पहिल्याच खेळात ते मेंढपाळ झाले आणि सोबत चाळीस मेंढरं मागितली. असलं पात्र माझ्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं. मी म्हटलं, घ्या. पुढच्या खेपेला ते खिशातून मक्याचे चाळीस दाणे घेऊन आले. आता भुताच्या किल्ल्यात चाळीस मेंढरं न्यायची म्हणजे काय ताप असतो ते मला विचारा. बँकवाला राक्षसाशी लढतोय आणि भाऊ विचारतायत, "इथं चारा हाय का?" शेवटी राक्षस मेंढरांच्या गर्दीतच अडकला. एकही दाणा गमावला नाही त्यांनी.

त्यांना ऐकू कमी येतं हे मला तिसरा खेळ संपता संपता कळलं. सगळे हसले की ते हसायचे, पण थोडं मागून. जिन्यात मी पाठीमागून तीन हाका मारल्या, वळले नाहीत. खांद्याला हात लावला तेव्हा माझ्या तोंडाकडं बघून त्यांना समजलं की मला समजलंय. "प्रेसनं खाल्लं," ते म्हणाले. "कुणाला बोलू नका मॅडम. कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी घरी बसवील. पोरगी बारावीला हाय." मी शब्द दिला.

मग त्यांच्या त्या अजब पात्रांचा उलगडा झाला. दुसऱ्या खेळात ते मुका राखणदार झाले होते, सगळं खुणांनी सांगणार. रानात एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या मेंढक्याला करतात त्या खुणा. थांब, पाणी आहे, लांडगा आला. सगळे त्या शिकले आणि निम्मा खेळ बिनबोलता चालायला लागला. तिसऱ्या खेळात ते चालणारं झाड झाले. झाडाला प्रश्न विचारला की उत्तर एक फेरी उलटल्यावर यायचं. आम्ही आपले म्हणायचो, काय डोकं आहे. अहो, डोकं कसलं, त्या एका फेरीत माणूस आमचे ओठ आठवून वाक्य जुळवत बसायचा.

त्यांना सोपं जावं म्हणून मी चिठ्ठ्या सुरू केल्या. गोष्ट सांगता सांगता एकेक ओळ लिहून त्यांच्याकडं सरकवायची. खेळात गुपित सांगायला चिठ्ठी देतातच, आणि ती ज्याची त्यानंच वाचायची, त्यामुळं कुणाला संशय आला नाही. मला स्वतःचंच फार कौतुक वाटायचं. आणि त्या कौतुकानंच घात केला.

आमच्याकडं कामगारांच्या सुरक्षेचं बघायला नवा साहेब आला. कॉलेजात असताना पुण्यात हा खेळ खेळलेला, नियम तोंडपाठ. मला बरेच दिवस एक चांगला जादूगार हवा होता. मी त्याला बोलावलं. भाऊ त्या दिवशी मला फक्त एवढंच म्हणाले, "साहेब हाय त्यो." मी म्हटलं, इथं कुणी साहेब नाही. किती सहज म्हटलं.

तो यायला लागल्यापासून तिसऱ्या रविवारी खेळ संपल्यावर पोह्याच्या ताटल्या उचलताना साहेबानं विचारलं, "मॅडम, चिठ्ठ्या फक्त त्यांनाच का?" काहीही सांगता आलं असतं. पण मला युक्तीची शेखी मिरवायची होती. "त्यांना ऐकू कमी येतं ना, म्हणून मीच ही पद्धत काढली." बोलून झालं आणि मग मला आठवलं की समोर कोण उभा आहे.

तो वाईट माणूस नाही. त्याच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. "प्रेसवर सायरन ऐकू आला नाही तर हात जाईल मॅडम," तो म्हणाला. "कळल्यावर मला गप्प बसता येणार नाही." मी हातापाया पडले, आठवड्याची मुदत मागितली. त्यानं उलट विचारलं, "आठवड्यात काही झालं तर?" दोन वर्षं मी गप्प होते. त्या दोन वर्षांत एखादे दिवशी हात गेला असता तर? हा विचार मला आजही नीट बसू देत नाही.

भाऊंच्या कानांची तपासणी झाली. साहेबानं भाऊंना दुसरं काम द्या म्हणून लिहिलं होतं. कॉन्ट्रॅक्टरनं दुसरं काम नाही म्हणून सांगितलं आणि भाऊंना घरी बसवलं.

भाऊ गेटबाहेर माझी वाट बघत होते. त्यांनी विचारायच्या आधीच मी कबूल झाले. ओरडतील असं वाटलं, ते हळूच बोलले. "ती चिठ्ठी माझी व्हती मॅडम. साहेबाची नव्हती." मी रडायला लागले. त्यांनी तोंड फिरवलं, म्हणजे मी पुढं काय बोलले ते त्यांना कळलंच नसणार.

तरी पुढच्या रविवारी ते आले. साहेब आला नव्हता. मी नेहमीसारखं विचारलं, कोण होणार? भाऊ म्हणाले, "ऐकणारा. दोन कोसावरलं ऐकतो. भिंतीआडचं बी." बँकवाल्याला एव्हाना सगळं ठाऊक होतं. तो मान खाली घालून उगाच फासा पुसत बसला.

त्या सकाळी प्रत्येक दाराशी सगळे भाऊंकडं बघायचे. भाऊ डोळे मिटून बसायचे आणि हात माझ्याकडं पसरायचे. मी लिहायचे. आत तिघं आहेत, एक कण्हतोय. खाली पाणी वाहतंय. लांबून घोडे येतायत. ते वाचून मोठ्यानं सांगायचे आणि सगळे त्यांच्या शब्दावर चालायचे. तीन तास मी लिहीत होते, बोटं आखडली, पण एकही आवाज मी गाळला नाही. त्यांच्यामुळं सगळे जिवंत बाहेर आले.

खेळ संपला. भाऊंनी चिठ्ठ्या गोळा केल्या, कडा जुळवल्या आणि गठ्ठा माझ्या हातात दिला. "फाडा मॅडम. पुन्यांदा कुणाच्या हाती लागायला नको."

मी फाडायला लागले. मोठा तुकडा राहिला की ते बोटानं दाखवायचे, अजून. सगळ्या फाडून होईस्तोवर उभे राहिले, मग चपला घातल्या आणि गेले.