बिनदारूचा गव्हर्नर

मुलगा पुण्याला राहतो. तिथल्या दोन खोल्यांत अभ्यास होत नाही म्हणून नात माझ्याकडे, बोरगाव मेघेला. तिचा अभ्यास मोठ्यानं वाचून चालतो. मी तांदूळ निवडता निवडता ऐकते. शाळा माझी चौथीतच सुटली, पण असं ऐकून ऐकून मी पुष्कळ जग फिरून आली.

मागच्या हप्त्यात ती स्पेनच्या एका गव्हर्नरचं वाचत होती. स्पेनचं राज्य बुडायला आलं होतं आणि हा बिचारा समुद्रातल्या टिकलीएवढ्या बेटावर. लढाई लागल्याचं त्याला कोणी कळवलंच नाही. एक दिवस अमेरिकेच्या जहाजानं तोफा डागल्या. याची माणसं होडीतून गेली आणि म्हणाली, माफ करा, तुम्ही सलामी दिली, पण आमच्याकडे दारू नाही, म्हणून उलट सलामी देता आली नाही.

"दारू नाही?" मी म्हटलं. "तिथंबी आपल्या वर्ध्यासारखी दारूबंदी होती काय वं?"

"आजी, तोफेची दारू!" ती हसून हसून लोळली.

त्याच हप्त्यात मुलाचा फोन. "आई, रविवारी लोक पाहायले येऊन राह्यले. घर आवरून ठेवजो."

पाहायले येणार म्हटलं की आमच्याकडे एकच अर्थ. नात चिडली. "बाबांनी मला विचारलंसुद्धा नाही. मी नाही साडी नेसणार." मी तिला बाबापुता करून माझी मोरपंखी साडी नेसवली. पोहे केले. आलेल्या बाईला कुंकू लावलं, नारळ-खण देऊन ओटी भरली. तिच्या नवऱ्यानं मात्र पोरीकडे पाहिलंच नाही. नळ सोडून पाहिला, स्लॅब कधी टाकला ते विचारलं, मागच्या भिंतीवर टिचक्या मारल्या. मला वाटलं, किती चौकस माणसं! मी आपली सांगत बसली, "सैपाकात आमची पोरगी लय हुशार."

बाई गोंधळली. "मावशी, आम्ही तर घर पाहायले आलो. मुलानं सांगतलं नाई तुमाले?"

नात दारातूनच मागं फिरली. मी हातातली पोह्यांची बशी घेऊन तशीच उभी.

हे घर आम्ही दोघांनी बांधलं. समोरच्या खोलीत किराणा दुकान होतं. हे गेल्यावरही गुडघे चालले तोवर मी ते चालवलं. घर माझ्या नावावर आहे.

लोक गेल्यावर मुलाला फोन केला. "काऊन नाई सांगतलं रे मले?"

"सांगतलं असतं तर तू हो म्हटलं असतं काय? एकटीले तिथं कसं ठेवू तुले? पोरगी परीक्षेनंतर जाईनच. येत्या रविवारी विक्रीचे कागद घेऊन येतो. सही कर, अन् चाल माझ्यासंग."

खोटं काय बोलला तो? तरी मी ताट तसंच झाकून ठेवलं. रात्री नातीला म्हटलं, "त्या गव्हर्नरचं पुढं काय झालं वं?"

"त्याला अर्ध्या तासाची मुदत दिली. त्यानं लिहून दिलं, लढायला माझ्याकडे काही नाही. मग जहाजावर घालून नेलं त्याला."

"कुठं?"

"पुस्तकात नाही, आजी."

आज गुरुवार. मुलगा वाईट नाही, माझ्यासाठीच करतो, हे मला कळतं. पण त्याच्या पाचव्या मजल्यावर मला कोण आवाज देईल? इथं रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण अजून विचारतो, "काकू, दुकान कवा उघडता?" सही करीन की नाही, मला खरंच माहीत नाही. पेन मात्र मी तांदळाच्या डब्यामागं लपवून ठेवला आहे.