सीरियस या शब्दाचे वजन

नव्या लुगड्याच्या घडीला खळीचा, कोऱ्या सुताचा आणि दुकानातल्या बंद कपाटाचा मिळून एक वास असतो. पौषातल्या त्या दुपारी नारायणगावच्या एका कापडदुकानात मी तो वास घेत बसलो होतो. बाहेर ऊन पांढुरके होऊन कलत होते, आळेफाट्याच्या जीपवाल्यांच्या हाका ऐकू येत होत्या, आणि मी गादीवर मांडी घालून हिरव्या रंगाच्या दोन छटांतून एक निवडत होतो.

"लग्नाचं का, पावणं?" दुकानदाराने सहज विचारले.

"नाही. बहिणीला. शेवटचं."

त्याने हातातली घडी हळूच खाली ठेवली. आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर घालायचे लुगडे माहेरून येते. माझी थोरली बहीण अक्का पिंपरी पेंढारला दिलेली, आणि तिचे माहेर म्हणून आता मी एकटाच उरलो होतो.

सकाळी पुण्याला तिच्या मुलाचा, बाळूचा, फोन आला होता. "मामा, आई सीरियस हाय. निघा लगीच." मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, "अक्का गेली."

बाहेरच्या माणसाला यातली संगती लागणार नाही. पण माझ्या लहानपणी गावात तार यायची ती याच एका शब्दाची, आणि पोस्टमनने कागद उलगडण्याआधीच आतून रडण्याचा आवाज यायचा. गेल्याची बातमी दूरच्या माणसाला कुणी तशीच्या तशी कळवत नसे. त्याने एसटीत परक्या माणसांमध्ये एकट्याने रडू नये, वाटेत त्याचे पाय गळू नयेत, म्हणून त्याच्या प्रवासापुरते मेलेल्या माणसाला जिवंत ठेवायचे, आणि त्यासाठी हा परका शब्द वापरायचा. आपल्या भाषेत तेवढे खोटे बोलायला कुणाची जीभ वळत नसावी. माझे वडील गेले तेव्हा वसतिगृहात मलाही ते 'सीरियस' असल्याचेच कळले होते. आमच्या भागात या शब्दाचा अर्थ एवढाच, आणि तो सगळ्यांना पाठ.

वास्तविक मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. शब्दांची मुळे खणण्याचा मला नाद आहे, आणि हा शब्द तर मी वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिला आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वजनदार, भारदस्त. जर्मन भाषेतल्या 'जड' या अर्थाच्या शब्दाशी त्याचे दूरचे नाते असावे, असे कोशकार म्हणतात. त्याच्यासाठी आपण वापरतो तो 'गंभीर' मात्र मुळात खोल पाण्याचा शब्द. त्यांनी दुःख तराजूत घातले, आपण ते विहिरीत वाकून पाहिले, असे मी मुलांना सांगतो आणि स्वतःवरच खूश होतो. मुले हसतात. त्यांच्या तोंडी 'सीरियसली?' म्हणजे 'काहीतरीच काय!' अभ्यासाला सीरियस, लग्नाला सीरियस. एक शब्द किती घरी नांदतो!

इतके सारे ठाऊक असलेल्या मला त्या सकाळी मात्र त्याचा फक्त तारेतला अर्थ ऐकू आला.

गेलेल्या माणसाकडे जायची घाई नसते. माहेरचे लुगडे आल्याशिवाय तिला उचलणार नव्हते. म्हणून मी सावकाश निघालो, लुगडे घेतले, ओटीचे सामान घेतले, आळेफाट्याला गाडी थांबवून चहासुद्धा प्यायलो. तिथून ओतूरच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंनी कांद्याच्या ओल्या वाफ्यांचा गारवा काचेतून आत येत होता, आणि त्या गारव्यात मला अक्काची आठवण येऊन डोळे भरले. ते रडणे खरे होते, हेच आता सहन होत नाही.

पोचलो तेव्हा अक्काच्या दारात माणसे टोप्या काढून बसलेली नव्हती. अंगणात गोवऱ्या पेटलेल्या नव्हत्या. बाळू धावत आला.

"मामा, लई येळ केला राव! मगाशीपत्तुर बोलत व्हती. सारखं तुमालाच इचारत व्हती, भाऊ कुठवर आला, भाऊ कुठवर आला. आत्ताच डोळं मिटलं, आता वळखत न्हाई."

"अरे, पण तू सीरियस म्हणालास..."

"डाक्टर सीरियस म्हनलं, म्हून मी सीरियस म्हनलो."

शेजारची एक म्हातारी ओट्यावर बसली होती. तिची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर, पिशवीतून डोकावणाऱ्या हिरव्या काठावर गेली. "लुगडं घेऊनच आलास व्हय रं भाऊ?" ती म्हणाली. "तिला जाऊ तर द्यायचं!"

आत अक्काचा श्वास चालू होता. मी तिचा हात हातात घेतला. एवढ्या वाळलेल्या बाईचा हात इतका जड कसा, ते मला कळेना. "अक्का, मी आलो," असे मी पुन्हापुन्हा म्हणत होतो. दोन भुवयांच्या मध्ये काहीतरी हलल्यासारखे वाटले, किंवा मला तसे वाटून घ्यायचे होते. खेड्यातल्या माझ्या भाच्याने इंग्रजी शब्द त्याच्या कोशातल्या अर्थाने वापरला होता, आणि इंग्रजीच्या मास्तराने तो गावाच्या अर्थाने ऐकला होता. त्या दोन अर्थांच्या मधल्या वेळात माझी बहीण मला हाका मारत होती.

तिन्हीसांजेला ती गेली. मेहुणे भिंतीला टेकून नुसते बसून राहिले.

बायका आत गोळा होत होत्या तेवढ्यात बाळूचा फोन वाजला. त्याने नाव पाहिले आणि तो माझ्या हातात दिला. "सुमनताई हाय. तुमीच बोला मामा, माज्यानं नाय व्हनार."

सुमन अक्काची मुलगी. सुरतेहून सकाळीच निघालेली, अजून बसमध्येच होती. इंजिनाची घरघर, कुणाच्या तरी लेकराचे रडणे, आणि त्यातून तिचा ताणलेला आवाज.

"मामा, तुमी पोचलात? आई कशी हाय?"

"सीरियस आहे, बाळा."

ती म्हणाली, "मामा, खरं सांगा. कोनचं सीरियस?"

आजवर कुणी विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी अंगणात उभा होतो. आतून पहिला हंबरडा फुटला, तसा मी फोन तळव्याने झाकला. मग तो पुन्हा कानाला लावून म्हणालो, "सीरियसच. तू ये."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला. त्या 'बरं'मध्ये तिने कोणता अर्थ घेतला, हे मी तिला अजून विचारलेले नाही.